हॉस्पिसची तुलना करताना या चुका टाळा: खोली नंतर पाहा, आधी रात्रपाळीविषयी विचारा

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णासाठी हॉस्पिस (अखेरच्या काळात वेदना आणि त्रास कमी करून सांभाळणारी संस्था) किंवा घरी येऊन सेवा देणारी टीम निवडण्याची वेळ आली, की चांगली शिकलेली कुटुंबेसुद्धा लग्नाचा हॉल ठरवताना विचारतात तेच प्रश्न विचारू लागतात: खोली केवढी आहे, एसी आहे का, गाडी लावायला जागा आहे का, जेवण कसे असते, डिपॉझिट किती. उपशामक सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर), म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्याच्या कामात नातेवाइकांशी बोलण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि एवढेच प्रश्न कानावर पडले, की त्या घराचे पुढचे दिवस कसे जाणार याचा अंदाज येऊ लागतो. हे प्रश्न विचारूच नयेत असे नाही, परंतु त्यांच्या उत्तरांतून सेवेच्या दर्जाविषयी काहीही कळत नाही.

तुलना करणे आपल्याकडे अवघड आहे, हे मान्य करायला हवे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर हॉस्पिसांची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. तिथे निधन झालेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांच्या सर्वेक्षणावर आधारलेले तारे दिलेले असतात आणि शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस परिचारिका किंवा समाजसेवक प्रत्यक्ष भेटीला गेले होते का, याची टक्केवारीही असते. त्यामुळे न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या बहिणीला फोन करून ‘रेटिंग किती आहे?’ असे विचारतो, आणि तसा सरकारी तक्ता इथे नसल्यामुळे बहीण गूगलवरचे तारे वाचून दाखवते. ते तारे बहुधा स्वागतकक्षातल्या वागणुकीला आणि बागेला मिळालेले असतात. त्यांच्या नादी लागू नका. परदेशातल्या मुलाने तारे मागण्याऐवजी वर सांगितलेला भेटींचा प्रश्न उचलावा आणि इथल्या संस्थेला सरळ विचारावा: अखेरच्या दिवसांत तुमचे कोण, किती वेळा येते?

पाटीवर विश्वास ठेवणे आणि मॉर्फिनविषयी न विचारणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. ‘हॉस्पिस’ किंवा ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही अक्षरे पाटीवर रंगवायला फारसे काही लागत नाही. वृद्धाश्रम चालवणारे, आया आणि वॉर्डबॉय पुरवणारे ब्यूरो, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना ठेवून घेणारी केंद्रे, असे सगळेच आता ते शब्द वापरतात. आपापल्या कामात ही मंडळी चांगलीही असतील, पण तीव्र वेदना आटोक्यात ठेवणे हे वेगळे काम आहे.

तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मुलाने शहराबाहेरचे असेच एक केंद्र निवडले होते. मुलगा हिशेबी होता, त्याने लॅपटॉपवर तीन ठिकाणांचा तक्ता केला होता. घरापासूनचे अंतर, खोली, आहार, दर, चोवीस तास माणूस आहे की नाही, असे सगळे रकाने त्यात होते. वेदनेसाठी रकाना नव्हता. वडिलांना रुग्णालयातून दर चार तासांनी घ्यायच्या मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू होत्या आणि घरून आणलेली पट्टी संपेपर्यंत सारे ठीक चालले. पट्टी संपली तेव्हा कळले, की केंद्राकडे मॉर्फिन ठेवण्याची मान्यताच नाही, डॉक्टर सकाळी एकदा फेरी मारून जातात आणि रात्री ड्यूटीवर असतात ते दोन मामा (वॉर्डबॉय), ज्यांना एवढेच सांगून ठेवले आहे की त्रास वाढला तर रुग्णालयात हलवा. त्यांनी आधी ट्रामाडोल या मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले. ट्रामाडोलच्या डोसला कमाल मर्यादा असते. मॉर्फिनवर असलेल्या माणसाची वेदना त्याने भागत नाही. मध्यरात्रीनंतर मुलाचा फोन आला, “ताई, बाबा भिंतीवर डोके आपटताहेत.” पुढची रात्र रुग्णवाहिका, कॅज्युअल्टी, नव्याने टोचलेली सुई, कोणालाही नको असलेला एक्स-रे आणि व्हरांड्यातल्या ट्रॉलीवर गेली. दुसऱ्या दिवशी मॉर्फिन पुन्हा वेळेवर सुरू झाले आणि संध्याकाळी ते गृहस्थ उशीला टेकून बसून मुलाकडे वर्तमानपत्र मागत होते. औषध तेच होते, माणूसही तोच होता. मध्ये फक्त एक विचारायचा राहून गेलेला प्रश्न होता.

त्यामुळे कोणतेही ठिकाण पाहायला जाण्याआधी मी फोनवरच विचारून घेते, की तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्या स्वतःच्या साठ्यात आहेत का. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली; मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ गटात आली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते, रुग्णाला देऊ शकते. मान्यता असलेली संस्था याचे उत्तर एका वाक्यात देते. ‘तुम्ही बाहेरून आणून द्या, आम्ही देऊ’ असे उत्तर आले, तर साठा कोण सांभाळणार आणि रविवारी संपला तर काय, हे पुढे विचारावे लागते. त्यानंतर रात्री दुखणे उसळले तर द्यायच्या जादा डोसचा लेखी आदेश केसपेपरवर आधीच असतो का, की डॉक्टर सकाळी येईपर्यंत थांबायचे, हे विचारते. आणि माझा सर्वांत आवडता प्रश्न म्हणजे मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून देता का. ज्यांनी हे काम खरोखर केले आहे, त्यांना मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच हे ठाऊक असते आणि ते ‘अर्थातच’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. ‘मॉर्फिन आम्ही अगदी शेवटीच वापरतो’ असे कोणी म्हणाले, तर मी नम्रपणे फोन ठेवते, कारण मॉर्फिन आयुष्याचे किती दिवस उरले यावर नव्हे, तर वेदना किती आहे यावर ठरते.

याची दुसरी बाजूही नातेवाइकांमध्ये दिसते. ‘तिथे लगेच मॉर्फिन सुरू करतात, सवय लागेल’ म्हणून चांगली संस्था यादीतून खोडणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर त्यांना बसवून शंका काढून टाकणे हाच उपाय मला जमलेला आहे.

सलाईन, ऑक्सिजन आणि तपासण्या मोजणे

दुसरी चूक जरा अवघड आहे, कारण ती मायेपोटी होते. रुग्णालयाची सवय झालेल्या कुटुंबाला बाटली लटकलेली दिसली, मॉनिटर वाजत असला, की काहीतरी चालू आहे असे वाटते. मग चांगल्या हॉस्पिसला भेट देऊन आल्यावर तक्रार असते, की तिथे सलाईनसुद्धा लावत नाहीत, रक्त तपासत नाहीत, नुसते तोंड ओले करत बसतात. शरीर थांबत चाललेले असताना दिलेले पाणी पुष्कळदा पायांवर सूज आणि छातीत घरघर होऊन दिसू लागते, आणि तहानेच्या भावनेवर खरा उतारा म्हणजे वारंवार ओला केलेला घसा आणि ओठ. सलाईन कधीच द्यायचे नसते असे नाही. ते का द्यायचे आणि का नाही, हे जिथे समजावून सांगतात ती जागा चांगली. एका कुटुंबाने याच कारणावरून रुग्णाला उत्तम चाललेल्या ठिकाणाहून हलवून छोट्या नर्सिंग होममध्ये नेले. तिथे सगळे लावले गेले, बिलही लागले आणि दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झाले. ‘आम्ही सगळे केले’ असे नंतर सांगता येते, हा त्या बिलाचा एकमेव उपयोग मला दिसला. असे बोलणे कठोर वाटेल, पण तुलना करायची तर रुग्णाच्या अंथरुणापाशी उभे राहून करावी, नातेवाइकांच्या समाधानापाशी नव्हे.

अंथरुणापाशी उभे राहिल्यावर पाहण्यासारखे बरेच असते. वॉर्डात शिरताच नाकाला काय जाणवते, इथून मी सुरुवात करते. चेहऱ्याच्या, गळ्याच्या किंवा स्तनाच्या फुटलेल्या गाठीला दुर्गंधी येते आणि रुग्णाला वेदनेइतकाच तिचा त्रास होतो, कारण नातवंडे जवळ यायला बिचकतात. ज्या सिस्टरला हे काम येते, ती जखम धुऊन त्यावर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड टाकते आणि ड्रेसिंग बदलण्याची वेळ पाळते; तिथे वास दबलेला असतो. जिथे फिनाइलचा आणि रूम फ्रेशनरचा भपकारा येतो, तिथे काय झाकले जात आहे ते विचारावे. रुग्णांच्या जिभेकडे आणि ओठांकडे पाहावे, ती पांढरी, भेगाळलेली आहेत का. कुशीवर वळवण्याच्या वेळांचा तक्ता कॉटपाशी असला, तर आजच्या नोंदी आजच केलेल्या आहेत, की आठवडाभराच्या एकाच पेनाने एकदम भरलेल्या आहेत, हेही कळते. शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा जा. सकाळी अकराला दाखवलेली जागा सगळ्यांचीच चांगली असते.

काही चुका, ज्यांना एवढा वेळ द्यायची गरज नाही

‘तुमच्याकडे मृत्यूचे प्रमाण किती?’ हा प्रश्न हॉस्पिसला विचारू नका. त्याच्या उत्तरातून काही निष्पन्न होत नाही.

मोफत म्हणजे कमी दर्जाचे, हा समज सोडा. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 साली सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस मानले जाते आणि गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला उपशामक सेवा केंद्र 1997 पासून चालू आहे. दोन्ही ठिकाणी कर्करुग्णांना विनामूल्य सेवा मिळते आणि पंचतारांकित दर लावणाऱ्या कित्येक खोल्यांपेक्षा तिथल्या परिचारिकांचा हात अधिक सराईत आहे.

मात्र आपला रुग्ण तिथल्या नियमांत बसतो का, हे आधी विचारा. या संस्था प्रामुख्याने कर्करुग्णांसाठी आहेत. आजीला स्मृतिभ्रंश असेल किंवा आजोबांचे मूत्रपिंड निकामी झाले असेल, तर ही तुलना सुरुवातीपासून वेगळी करावी लागते. कुठे मुक्काम वेदना आटोक्यात येईपर्यंतचा असतो आणि पुढे घरी पाठवतात, कुठे अखेरपर्यंत ठेवून घेतात. हे न विचारता दोहोंना एकाच मापाने मोजणारे नंतर ‘आम्हाला घरी घालवले’ म्हणून रागावतात.

‘रुग्णाला काही सांगू नका’ ही अट मान्य करणाऱ्या संस्थेला त्यासाठी जादा गुण देऊ नका. चांगली टीम ही अट ऐकून घेते, रुग्णाला किती माहीत आहे ते हळूच तपासते आणि मग कुटुंबाशी पुन्हा बोलते.

घरी येणारी टीम आणि हॉस्पिसमधली खाट यांची तुलना करताना फक्त खर्च पाहू नका. घरच्या सेवेत रात्रीचा फोन कोण उचलतो, तो माणूस आपल्या रुग्णाला नावाने ओळखतो का, आणि तुमच्या उपनगरापर्यंत ते येतात का, हे तीन मुद्दे पुरतात. फोन खरोखर उचलला जातो का हे पाहायचे असेल, तर नाव नोंदवल्यावर पहिल्याच रात्री एखादी साधी शंका विचारून पाहा. सेवा देणाऱ्यांना याचा राग येत नाही.

दाखल्याचा प्रश्न टाळणे

घरी निधन झाले तर वैद्यकीय दाखला कोण लिहून देणार, हे विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून कोणीच विचारत नाही. घरी झालेल्या मृत्यूचे कारण डॉक्टरांनी 4-अ नमुन्यात लिहून द्यावे लागते आणि स्मशानभूमीत डॉक्टरांच्या कागदाशिवाय पुढचे काम अडते. रुग्णाला कधीच न पाहिलेला शेजारचा डॉक्टर सही करायला कचरतो, आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. मग घरातले पुरुष पहाटे दाखल्यासाठी दारोदार फिरतात आणि बायका एकट्याच नातेवाइकांना तोंड देत बसतात. घरसेवा देणाऱ्या प्रत्येक टीमला पहिल्या भेटीतच विचारावे, की अशा वेळी तुमचे डॉक्टर किती वेळात येतात, आणि ते गावाला गेलेले असतील तर कोण. ज्यांच्याकडे यासाठी दुसऱ्या डॉक्टरचे नाव तयार असते, त्यांना मी यादीत वर ठेवते. त्याच भेटीत, रुग्णाने लिव्हिंग विल (अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले इच्छापत्र) केलेले असल्यास त्याची प्रत केसपेपरला लावून घेतात का, हेही विचारावे. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते, पण कपाटात राहिलेल्या कागदाचा रात्रपाळीच्या माणसाला काही उपयोग नसतो.

उशीर करणे, आणि मग घाई करणे

ही दोन्ही कामे बहुधा एकच कुटुंब करते. केमोथेरपी बंद करण्याचा निर्णय होऊन कित्येक आठवडे कोणी हॉस्पिसचे नाव काढत नाही, कारण नाव काढले म्हणजे आशा सोडली असे घरात वाटते, आणि मग एका शनिवारी संध्याकाळी फोन येतो, “ताई, एकच नाव सांगा, बेस्ट असेल ते, उद्या ॲडमिट करायचे आहे.” असे एक नाव माझ्याकडे नाही. रुग्णाचा आजार, घरातली माणसे, घर कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, यांवर नाव बदलते. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी पुढे ढकलणे म्हणजे तुलना नव्हे.

कर्करोगाचा उपचार चालू असतानाच उपशामक सेवेच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा जाऊन या. टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी तो विभाग त्याच आवारात आहे आणि तिथे जाण्यासाठी केमोथेरपी सोडावी लागत नाही. तिथल्या डॉक्टरांना विचारून दोनच ठिकाणे प्रत्यक्ष पाहा, त्यांतल्या एकाकडे फाईल उघडून ठेवा आणि त्यांचा रात्रीचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. पुढे ठिकाण बदलावेसे वाटले तर बदलता येते. फाईल उघडली म्हणून रुग्णाला तिथेच ठेवावे लागते असे नाही.