स्टँडर्ड लायब्ररीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं

प्रोग्रामिंगची भाषा नवीन असली की तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडमध्ये, सगळे मागत सुटतात, जेसन (डेटा लिहायची पद्धत) घ्या, रेजेक्स (मजकुरात नमुने शोधणं) घ्या, एचटीटीपी क्लायंट (वेबवर रिक्वेस्ट पाठवणारा कोड) घ्या. मागणी किती आहे त्यावरून ठरवू नका. आधी हे बघा की एकमेकांना ओळखतही नसलेल्या दोघांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांना ही गोष्ट आपसात द्यावी-घ्यावी लागते का. स्ट्रिंग, एरर, तारीख-वेळ हे असं आहे, प्रत्येकाने आपापला टाइप (डेटाचा प्रकार) काढला तर अर्धा कोड नुसता कन्व्हर्ट करण्यात जातो. गो भाषेत कॉन्टेक्स्ट, म्हणजे रिक्वेस्ट कॅन्सल झाली वगैरे माहिती सोबत नेणारं पॅकेज, आधी बाहेर होतं, २०१६ ला १.७ आवृत्तीत आत घेतलं आणि ते योग्यच झालं, कारण रिक्वेस्ट कॅन्सल झाली हे सर्व्हरपासून डेटाबेस ड्रायव्हरपर्यंत पोचवायचं तर सगळ्यांकडे तोच टाइप हवा.

पण गरज आहे म्हणून घाई नको, आत घेतलेलं सहजासहजी बाहेर काढता येत नाही हो. जावाचा जुना डेट क्लास घ्या. त्याला २०२४, १, १ दिलं तर मिळते १ फेब्रुवारी ३९२४, कारण वर्षात तो १९०० मिळवतो आणि महिने शून्यापासून मोजतो! चांगला पर्याय २०१४ ला जावा ८ मध्ये आला, तरी जुना क्लास अजून तिथेच आहे, कारण जगभरचा कोड त्यावर उभा आहे.

जे भाषेच्या रिलीजपेक्षा भराभर बदलतं ते बाहेरच बरं. नाहीतर ते आत जुनं होऊन पडून राहतं, पायथनमध्ये टेलनेट, सीजीआय वगैरे जुन्या इंटरनेट तंत्रांसह १९ मॉड्यूल काढायचा प्रस्ताव २०१९ चा, प्रत्यक्षात गेली २०२४ ला ३.१३ आवृत्तीत.

आणि छोटं आहे म्हणून सोडूनही देऊ नका. २०१६ ला लेफ्ट-पॅड हे स्ट्रिंग डावीकडून भरून ठरावीक लांबीची करणारं ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचा साठा) काढलं आणि कितीतरी प्रोजेक्टचे बिल्ड फुटले, नंतर जावास्क्रिप्टने त्याच कामाचं पॅडस्टार्ट आतच दिलं.

माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे आधी पॅकेज म्हणून बाहेर सोडा, लोकांना वापरू द्या, एपीआय (इतर कोडने ते वापरायची ठरलेली पद्धत) बदलायचा थांबला की मग आत घ्या, रस्ट भाषेने वन्ससेल (एकदाच व्हॅल्यू भरायचा टाइप) असंच घेतलं. आणि घेताना अख्खं पॅकेज उचलायची गरज नाही, जेवढ्यावर एकमत आहे तेवढंच घ्या. पायथन ३.११ मधलं टॉमललिब टॉमल (सेटिंग लिहायची एक पद्धत) फाइल फक्त वाचतं, लिहायचं काम बाहेरच्या पॅकेजांकडेच ठेवलं, कारण लिहिताना कॉमेंट जपायच्या का, मांडणी कशी ठेवायची, यावर प्रत्येकाची गरज वेगळी.