दोन-तीन टप्प्यांच्या विमानप्रवासात अपग्रेड वाया जाऊ नये म्हणून

अमेरिकन एअरलाइन्सचं सिस्टिमवाइड अपग्रेड (खालच्या वर्गाच्या तिकिटावर वरच्या वर्गाची सीट मिळवून देणारी सवलत) एका दिशेच्या प्रवासात जास्तीत जास्त ३ टप्प्यांना चालतं. पण प्रत्येक टप्प्याची जागा वेगवेगळी मोकळी होते. त्यामुळे न्यूयॉर्क–डॅलस हा छोटा टप्पा कन्फर्म होतो आणि दिल्ली–न्यूयॉर्कची सगळी रात्र मागच्या सीटवरच काढावी लागते.

१. तिकीट काढण्यापूर्वीच फोन करा आणि लांबच्या टप्प्यावर 'सी' क्लासमध्ये किती जागा आहेत ते विचारा. बिझनेसमध्ये अपग्रेडसाठी ठेवलेल्या जागा याच क्लासमध्ये मोजतात. सीट मॅपवर दहा सीटा रिकाम्या दिसल्या तरी 'सी' शून्य असू शकतं, तेव्हा नकाशावर विसंबू नका.

२. 'सी' शून्य असेल तर आधी तारीख बदलून पाहा. ते जमत नसेल तरच वेटलिस्ट.

३. लांबचा टप्पा कन्फर्म होईपर्यंत छोट्यासाठी अपग्रेड लावू नका, एजंटला तसं स्पष्ट सांगा. अमेरिकेतल्या अंतर्गत टप्प्यावर एलीट स्टेटसचं (नेहमीच्या प्रवाशांना कंपनी देते तो वरचा दर्जा) मोफत अपग्रेड मिळण्याची शक्यता असतेच.

४. पुणे–दिल्ली टप्पा इंडिगोचा असेल तर तो यात धरूच नका. एकाच तिकिटावर असला तरी तिथे हे अपग्रेड लागत नाही.

वेळापत्रक बदललं किंवा विमान चुकल्यामुळे दुसऱ्या विमानात बसवलं, तर अपग्रेडची विनंती नव्या बुकिंगवर आपोआप आलीच असेल असं धरू नका. लगेच फोन करून प्रत्येक टप्प्याची स्थिती वेगळी वाचून घ्या.