टर्बोचार्जर की सुपरचार्जर? टोयोटा जीटी८६च्या मालकांनी या चुका टाळाव्यात

टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या गाड्या २०१२ साली बाजारात आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या मालकांमध्ये एक वाद अखंड चालू आहे: इंजिनची ताकद वाढवायची तर टर्बो बसवावा की सुपरचार्जर? (दोन्ही यंत्रे हवा दाबून इंजिनात जास्त भरतात; टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, सुपरचार्जर इंजिनावरून पट्ट्याने.) भारतात या गाड्या अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. परंतु ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत स्थायिक झालेल्या आणि वळणदार रस्त्यांची आवड असलेल्या मराठी माणसाला ही गाडी मोह घालते, आणि घेतल्यावर वर्षभरात ‘हिला अजून थोडा दम हवा होता’ असे त्याला वाटू लागते. ते वाटणे चुकीचे नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर, कारण बहुतेक जण आधी यंत्र निवडतात आणि त्या यंत्राकडून नेमके काय हवे आहे याचा विचार नंतर करतात.

या गाडीचे १,९९८ सीसीचे चार सिलिंडरचे बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचे) इंजिन ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) २०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देते आणि त्याचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे २०५ न्यूटन-मीटर, ६,४०० आरपीएमच्या पुढे मिळतो. मात्र साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कच्या आलेखात एक स्पष्ट खळगा आहे. रोजच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना किंवा घाटात वळणातून बाहेर पडताना इंजिन नेमके याच टापूत असते, आणि गाडी उचल घेत नाही ही मालकांची तक्रार मुळात या खळग्याची असते, २०० या आकड्याची नसते. टोयोटाने २०२१ साली आणलेल्या जीआर८६मध्ये टर्बो न बसवता इंजिन २.४ लिटरचे केले आणि कमाल टॉर्क ३,७०० आरपीएमलाच मिळेल अशी रचना केली, यावरून कंपनीलाही दुखणे कुठे आहे हे उमगले होते असे म्हणता येते.

‘सुपरचार्जर म्हणजे खालपासून जोर’ हा समज

सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्याने फिरतो, त्यामुळे त्याला टर्बोसारखा उशीर लागत नाही, हे खरे आहे. त्यावरून तो कमी आरपीएमला भरपूर दाब देतो असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे, आणि या गाडीच्या बाबतीत सर्वाधिक पैसा याच गैरसमजापायी वाया जातो असे माझे मत आहे. सुपरचार्जरचे दोन वेगळे वंश आहेत. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला हवेचे ठरावीक आकारमान पुढे ढकलतो, म्हणून त्याचा दाब अगदी खालच्या आरपीएमपासून जवळजवळ पूर्ण मिळतो. या गाडीसाठी ईटनच्या टीव्हीएस रोटरवर आधारित एडेलब्रॉकचे किट या वंशातले. दुसरा वंश सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा. त्याचे पंख टर्बोच्या कॉम्प्रेसरसारखेच असतात, फक्त ते पट्ट्याने फिरतात. व्होर्टेकचे किट किंवा जॅक्सन रेसिंगचे रोट्रेक्स बसवलेले किट या दुसऱ्या वंशात मोडते.

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा दाब ढोबळमानाने आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा किटवर ८ पीएसआय (दाबाचे एकक) लिहिले आहे आणि तो दाब ७,४०० आरपीएमला मिळतो. मग त्याच्या निम्म्या, म्हणजे ३,७०० आरपीएमला, जेमतेम २ पीएसआयच्या आसपास दाब मिळेल. ज्या खळग्यासाठी एवढा खर्च केला तो खळगा जवळपास तसाच राहतो आणि गाडी वरच्या टोकाला आणखी तडफदार होते. रेस ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला हेच हवे असते: ताकद हळूहळू चढत जाते, मागची चाके अचानक सुटत नाहीत आणि गाडीचा मूळ स्वभाव टिकतो. पण रोज कामावर जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्याने रूट्स प्रकारचा सुपरचार्जर किंवा लहान टर्बो निवडावा, आणि आकडा मोठा दिसतो म्हणून सेंट्रिफ्युगल घेऊ नये.

दाबाचा आकडा म्हणजे ताकद नव्हे

गेजवर दिसणारा दाब हा इंजिनात शिरू न शकलेल्या हवेचा अडथळा दाखवतो. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा पोहोचली यावर. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ असते. ३५ अंश सेल्सियसची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ८९ अंशांवर बाहेर पडते. कार्यक्षमता ६० टक्के असेल तर सुमारे ९८ अंशांवर. म्हणून एका किटचे ७ पीएसआय आणि दुसऱ्या किटचे ७ पीएसआय यांची तुलना इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारे यंत्र, विचारात न घेता निरर्थक ठरते. आखाती देशांतल्या उन्हाळ्यात हा फरक आणखी जाणवतो: पहिल्या दोन फेऱ्यांत गाडी उत्तम पळते आणि तिसऱ्या फेरीत मलूल होते, कारण इंटरकूलर आणि त्याचे पाणी पुरेसे थंड व्हायला वेळच मिळत नाही. अशा वेळी दाब वाढवण्यासाठी लहान पुली (पट्ट्याचे चाक) बसवणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे होय. आधी इनटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या, हवेचे तापमान नोंदवून पाहावे.

टर्बोची ताकद फुकटची असते हाही एक लाडका गैरसमज आहे. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो हे खरे, पण तो त्या वायूच्या वाटेत अडथळा उभा करतो आणि पिस्टनला तो वायू जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. तरीही हिशेब बहुधा टर्बोच्या बाजूने झुकतो, कारण सुपरचार्जर थेट क्रँकशाफ्टवरून ताकद ओढतो. डॉजच्या ७०७ अश्वशक्तीच्या हेलकॅट इंजिनात सुपरचार्जर फिरवण्यासाठीच पूर्ण भाराला सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडतात. जीटी८६च्या लहान इंजिनाला हे ओझे कितीतरी कमी असले तरी ते असतेच, आणि तेवढी जादा हवा व जादा पेट्रोल जाळूनच ते भरून काढावे लागते.

रॉड वाकतात ते टॉर्कमुळे

‘इंजिन किती अश्वशक्ती सोसेल?’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो, आणि त्याचे एका आकड्यात मिळणारे उत्तर दिशाभूल करते. दोन गाड्या घ्या. दोन्ही ७,००० आरपीएमला २८० पीएस देतात, म्हणजे त्या क्षणी दोघींचा टॉर्क सुमारे २८१ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गाडीत सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर आहे आणि तिचा टॉर्क यापेक्षा फारसा वर कधीच जात नाही. दुसरीत लहान टर्बो आहे आणि तो ३,८०० आरपीएमलाच ३५० न्यूटन-मीटर देतो. कागदावर दोन्ही गाड्या ‘२८० पीएस’च्या असल्या, तरी दुसऱ्या गाडीच्या कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर), क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडणारा ताण कितीतरी जास्त आहे, कारण रॉडला दाबणारा सिलिंडरमधला दाब टॉर्कशी जोडलेला असतो. या इंजिनाचे मूळ रॉड फार मोठ्या टॉर्कसाठी घडवलेले नाहीत. म्हणून टर्बो निवडल्यास ट्यूनरला (इंजिनच्या संगणकाची मांडणी बदलून देणाऱ्याला) खालच्या आरपीएमचा दाब मुद्दाम आवरता घ्यायला सांगावे, आणि त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून ‘झटका’ विकणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबतो याची. जीटी८६चा रेशो १२.५:१ आहे. सुबारूने याच कुळातले इंजिन टर्बोसह आपल्या डब्ल्यूआरएक्स या गाडीत वापरले तेव्हा तो १०.६:१ पर्यंत खाली आणला. कारखान्याने घेतलेली ही खबरदारी आपण किट बसवताना घेत नाही, म्हणजे नॉकिंगपासूनचे (मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिनला बसणाऱ्या हादऱ्यांपासूनचे) आपले अंतर सुरुवातीलाच कमी झालेले असते. मूळ इंजिनावर कमी दाब ठेवणे, स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) वापरणे आणि प्लगमधली फट किटच्या सूचनेप्रमाणे कमी करणे हे ऐच्छिक सोपस्कार नाहीत.

पेट्रोलचा आकडा कोणत्या देशाचा?

परदेशात राहणाऱ्यांची ही खास चूक आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि भारतात पंपावर लिहिलेला ऑक्टेन आकडा (पेट्रोल नॉकिंगला किती रोखते याचे माप) ‘रॉन’ पद्धतीचा असतो, तर अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात आणि तो आकडा त्याच पेट्रोलसाठी चार-पाच अंकांनी कमी दिसतो. अमेरिकेतले ९३ म्हणजे साधारण ९८ रॉन, आणि कॅलिफोर्नियात मिळणारे ९१ म्हणजे साधारण ९५-९६ रॉन. कॅलिफोर्नियातल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या ९३ ऑक्टेनच्या गाडीसाठी बनवलेली ट्यून-फाइल जशीच्या तशी घातली, तर उन्हाळ्यात पूर्ण थ्रॉटलला (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) नॉकिंग सुरू होते आणि कानाला ते ऐकूही येत नाही. इंजिनचा संगणक स्पार्क मागे घेऊन काही काळ सांभाळून घेतो; मालकाला फक्त गाडी ‘आज जरा जड’ वाटते. म्हणून ट्यून झाल्यावर नॉक सेन्सरची नोंद आणि हवा-पेट्रोलचे गुणोत्तर प्रत्यक्ष रस्त्यावर तपासून घ्यावे. दाबाखाली हे गुणोत्तर साधारण ११.५ ते १२.५ या पट्ट्यात असावे. वरच्या आरपीएमला ते १३च्या पुढे सरकत असेल, तर ट्यूनला दोष देण्याआधी पंप आणि इंजेक्टर पुरेसे पेट्रोल देतात का ते पाहावे, आणि तोवर पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

कायद्याची बाजूही निवडीत धरावी लागते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात किट आल्यानंतरच येते. या गाडीचा मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच असल्यामुळे बहुतेक टर्बो किटमध्ये तो हलवावा किंवा काढावा लागतो. सुपरचार्जर इनटेकच्या बाजूला बसतो, म्हणून प्रदूषण-तपासणीत त्याचा मार्ग सोपा असतो. कॅलिफोर्नियात किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो, जर्मनीत बदलाची तपासणी करून तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो, आणि कुठल्याही देशात विमा कंपनीला आधी कळवणे शहाणपणाचे. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच अधोरेखित केले आहे. त्यामुळे इथे नोंदणी झालेल्या कोणत्याही गाडीवर असे किट चढवून ती रस्त्यावर आणण्याचा विचार करू नये.

बसवल्यानंतर उद्भवणारे दोष

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा दाब वरच्या टोकाला वाढण्याऐवजी कमी होऊ लागला, तर पहिला संशय घसरणाऱ्या पट्ट्यावर घ्यावा. पुलीभोवती काळी पूड साचलेली दिसली की निदान जवळजवळ पक्के होते. अशा वेळी पट्टा वाटेल तसा ताणून बेअरिंगचा बळी देऊ नये. पट्टा पुलीला पुरेसा वेढा देतो का आणि सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का, हे तपासावे. रोट्रेक्समध्ये इंजिनऑइल चालत नाही, त्याला स्वतःचे वेगळे ऑइल लागते, आणि ते ठरलेल्या मुदतीत बदलण्याचा विसर अनेकांना पडतो.

टर्बोच्या गाडीत गिअर बदलताना धक्का बसून काळा धूर येत असेल, तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवा बाहेर फेकतो का ते पाहावे. या गाडीचा संगणक इनटेकमध्ये मोजून घेतलेल्या हवेवर पेट्रोल ठरवतो. मोजलेली हवा वाटेतच बाहेर सोडली, की तिच्या वाट्याचे पेट्रोल मात्र सिलिंडरमध्ये पडते. तो व्हॉल्व्ह हवा पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा असावा, मग आवाज कमी झाला तरी चालेल.

सिग्नलला उभे राहिल्यावर निळा धूर दिसला की टर्बोचे सील गेले असे सांगून नवा टर्बो विकला जातो, आणि महिन्याभरात नव्या टर्बोतूनही तसाच धूर येतो. टर्बोमधून ऑइल बाहेर पडते ते केवळ गुरुत्वाकर्षणाने. त्याची परतीची नळी जाड, सरळ उताराची आणि कुठेही न दुमडलेली हवी, आणि ती इंजिनच्या ऑइल-चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. बॉक्सर इंजिनात टर्बो खाली बसवला असेल तर हा उतारच मिळत नाही आणि ऑइल ओढून घेणारा वेगळा पंप द्यावा लागतो. म्हणून धूर दिसताच प्रथम परतीची नळी काढून ती मोकळी आहे का हे पाहावे, मग क्रँककेसमधला दाब बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा, आणि ही दोन्ही ठीक असतील तरच टर्बोच्या शाफ्टला हात घालून त्याची हालचाल मोजावी.