बोटांवरची, तळपायाची चामखीळ: सॅलिसिलिक ॲसिड घरी कसं लावावं

चामखीळ या एकाच नावाखाली आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी ढकलतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मानेवर, काखेत देठाने लोंबणारा मऊ मस या ॲसिडने जात नाही, भोवतालची कातडी तेवढी भाजते. तीळ, केस उगवलेला उंचवटा, रंग बदलणारा किंवा आपोआप रक्त येणारा डाग यांना हातही लावू नये. चेहरा आणि गुप्तांग वर्ज्यच. घरी हाताळण्याजोगी म्हणजे हातापायांवरची, एचपीव्ही विषाणूमुळे येणारी खरखरीत चामखीळ. तिच्यातले काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक वाहिन्या. तळपायाला कुरूप आहे असं वाटलं तर चिमटीत धरून पाहा. बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखली तर बहुधा चामखीळ, वरून दाबल्यावर दुखलं तर कुरूप.

मधुमेह, पायाला बधिरपणा किंवा कमी रक्तपुरवठा, ॲस्पिरिनची ॲलर्जी, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर.

मेडिकलमध्ये १६.७ टक्के सॅलिसिलिक आणि तेवढंच लॅक्टिक ॲसिड असलेलं, कलोडियनमधलं (सुकल्यावर पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रवातलं) पातळ औषध मिळतं. ते भडकन पेटतं, त्यामुळे गॅस आणि निरांजनापासून लांब ठेवा. बूच सैल राहिलं तर औषध घट्ट होतं, मग ते नीट पसरत नाही.

रात्री चामखीळ कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं भिजवा, पुसून कोरडी करा. वर आलेली पांढरी, मेलेली कातडी नखांच्या कानशीने हलकेच घासा. घरातली वजरी नको; सगळे तीच वापरतात आणि विषाणू त्यांच्या पायाला लागतो. भोवती व्हॅसलिनचं कडं करा, काडीने एकच थेंब मधोमध ठेवा, सुकू द्या, वर चिकटपट्टी लावा. हात साबणाने धुवा.

औषध थराथराने काम करतं, म्हणून रोज लावायचं, १२ आठवड्यांपर्यंत. बिघडतं ते घाईने. रक्त येईपर्यंत खरवडलं की विषाणू शेजारी पसरतो. दोन थेंब जास्त घातले की निरोगी कातडी सोलवटते आणि आपल्या सावळ्या रंगावर तो डाग महिनोन्महिने राहतो. जळजळ झाली, लाली आली तर सगळं शांत होईपर्यंत थांबा, मग पुन्हा सुरू करा. चामखीळ सपाट झाली एवढ्यावर सोडू नका; बोटावरच्या ठशाच्या रेषा त्या जागेवरून सलग जाताना दिसल्या की मगच बंद.

चुना-पापडखाराचा लेप अजून बऱ्याच घरांत लावतात. तो अल्कली आहे, कातडीत खोल उतरतो आणि कुठे थांबेल याचा नेम नाही. ऑनलाइन मिळणारं तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) अल्कली नसलं तरी तितकंच बेभरवशाचं, ते त्वचारोगतज्ज्ञाच्याच हातात शोभतं. १२ आठवड्यांत फरक पडला नाही, संख्या वाढली किंवा पू झाला तर त्यांच्याकडेच जा. द्रव नायट्रोजनने गोठवून किंवा विजेच्या सुईने जाळून ते चामखीळ काढू शकतात.