छोट्या रीफ टँकचा लाइट लावताना या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला तोच फोटो येतो. दीड-दोन फुटांचा निळाशार रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायची काचेची पेटी, मधोमध दगड आणि दगडावर पांढरं पडत चाललेलं एखादं मशरूम कोरल. खाली ठरलेला प्रश्न : "पाणी तपासलं, सगळं बरोबर आहे, मग हे असं का?" मी उलट विचारतो, लाइट किती ठेवलाय? उत्तर येतं दिव्याच्या निळ्या आणि पांढऱ्या चॅनलच्या (त्या रंगाच्या एलईडींच्या) टक्क्यांत. "निळा ऐंशी, पांढरा तीस." त्या आकड्यांनी मला काहीही कळत नाही, आणि ज्याने ते लावलेत त्यालाही कळलेलं नसतं.

आधी एक खुलासा. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला फिरायला गेलात आणि वाळूत तुटलेला तुकडा दिसला तरी तो पिशवीत घालायचा नाही. त्यामुळे इथे मी बोलतोय ते झोआ, मशरूम आणि लेदर या, हौशी लोक ज्यांना सॉफ्ट कोरल म्हणतात त्या, दगडी सांगाडा नसलेल्या कोरलबद्दल, आणि माझ्यासारख्या दोन बाय एक बाय एक फुटाच्या, जेमतेम ५५ लिटरच्या टँकबद्दल.

दुसऱ्याचे टक्के आपल्या दिव्याला लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती करणारा माणूस आळशी नसतो. त्याने रात्र रात्र जागून व्हिडिओ पाहिलेले असतात, आकडे वहीत उतरवून घेतलेले असतात.

टक्के म्हणजे त्या दिव्याच्या स्वतःच्या ताकदीचा हिस्सा. ५० वॉटच्या दिव्याचे साठ टक्के आणि १६५ वॉटचा शिक्का असलेल्या काळ्या डब्यासारख्या दिव्याचे साठ टक्के यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यात भिंग किती अंशांचं, दिवा पाण्यापासून किती उंच, टँक किती खोल, वर काच आहे की उघडा, या प्रत्येक गोष्टीने कोरलपर्यंत पोचणारा उजेड बदलतो. मोजायचा तो तिथे पोचणारा उजेड. त्याला पार म्हणतात : ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतो ते.

डोंबिवलीच्या एका मुलाने गेल्या वर्षी फोन केला. "काका, पाच मशरूम आणली होती, दोन दगडावरून सुटून पाण्यात फिरतायत, बाकीची पांढरी पडलीत." त्याने मिठाची कंपनी बदलून पाहिली होती, दोनदा निम्मं पाणी बदललं होतं, वेव्हमेकरची (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची) दिशाही फिरवली होती. लाइटला मात्र हात लावला नव्हता, कारण लाइटचा आकडा त्याच्या लेखी सगळ्यात खात्रीचा होता. एका परदेशी हौशी माणसाच्या व्हिडिओतून घेतलेला.

मी एका मित्राचा पार मीटर मागून घेतला आणि रविवारी त्याच्या घरी गेलो. व्हिडिओ आम्ही दोघांनी पुन्हा पाहिला. त्यातला टँक दोन फूट खोल होता, दिवा पाण्यापासून हातभर वर टांगलेला होता आणि तो दिवाही वेगळाच. या मुलाचा टँक फूटभर खोल, आणि दिवा काचेच्या कडांवर पाय ठेवून उभा, पाण्यापासून जेमतेम वीतभर. मशरूमं ठेवली होती दगडाच्या शेंड्यावर, दिसायला छान म्हणून. तिथे मीटर ठेवला तर आकडा आला ४१०. मशरूमला ३० ते ८० पुरतात.

तो मुलगा गप्प बसला. मग म्हणाला, "पण समुद्रात तर भर उन्हात वाढतात ना?" हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पार २००० च्या आसपास जातो, हे खरं. पण उथळ पाण्यातलं कोरल लहानाचं मोठं तिथेच झालेलं असतं. त्याच्या अंगातली सूक्ष्म शैवालं त्या उजेडाला सरावलेली असतात. झेपेल त्यापेक्षा जास्त उजेड अचानक पडला, की या शैवालांना तो वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेतून पेशींना घातक असा ऑक्सिजन तयार होतो आणि शेवटी कोरल त्या शैवालांनाच अंगाबाहेर टाकतं. त्यांच्याबरोबर रंग जातो आणि रोजचं बरंचसं अन्नही जातं. आपण "पांढरं पडलं" म्हणतो तेव्हा ते कोरल अर्धपोटी जगत असतं.

आम्ही दिवा दीड वीत उचलला, निळा तीसवर आणि पांढरा पाचवर आणला, आणि मशरूमं दगडाच्या सावलीच्या बाजूला खाली ठेवली. तिथे आकडा ६० च्या आत आला. पाचातली दोन वाचली.

माझी स्वतःची सवय अशी. दिवा नवा असो वा कोरल नवं, सुरुवात निळा पंचवीस, पांढरा पाच. रोज आठ तास. दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. नंतर आठवड्याला फक्त पाच टक्के वाढ. झोआ हे माझे मोजमापाचे कोरल : उजेड कमी पडला की त्यांचे देठ वर ताणायला लागतात, जास्त झाला की आखूड होऊन दगडाला चिकटतात आणि भर दुपारी मिटतात. या दोन्हींच्या मधे आलं की मी थांबतो, मग पडद्यावर आकडा पस्तीस का असेना. माझ्या टँकमध्ये झोआ १०० पारच्या आसपास खूश आहेत, लेदर त्याहून थोडं वर. दिव्याला नव्या कोरलसाठी आपोआप हळूहळू वाढवण्याची सोय असेल तर ती वापरा. ती बंद करून "माझं कोरल दणकट आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

फोनच्या ॲपने उजेड मोजणं

फोनमधलं ॲप लक्स दाखवतं. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला सर्वात तेज. ४५० च्या निळ्याला त्या मापात जवळपास किंमतच नाही. रीफच्या दिव्यात तर मुख्य उजेड तोच. मग ॲप कमी आकडा दाखवतं, माणूस घाबरून दिवा वाढवतो आणि कोरल भाजतं. चारपाच जणांत मिळून एक पार मीटर घ्या किंवा कोणाचा तरी मागून आणा. वर्षातून दोनदा लागतो. घेताना निळा उजेड नीट मोजणारा घ्या, जुन्या सेन्सरचे मीटर निळ्याला कमी आकडा दाखवतात.

पांढरा चॅनल हिशेबात न धरणं

"पांढरा फक्त आपल्याला बघायला" असं सर्रास सांगितलं जातं. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच एलईडी, वर पिवळसर लेप दिलेला. त्याचा उजेडही कोरलवर पडतो आणि पारमध्ये भर घालतो. पाहुणे आले म्हणून पांढरा साठवर नेणार असाल तर निळा तेवढा खाली घ्या. निळ्याचं महत्त्व मला मान्य आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे. तिथला उथळ भागही सुमारे २० मीटर खोल. तेवढ्या पाण्यातून जाताना लाल उजेड केव्हाच गळून जातो आणि प्रवाळापर्यंत पोचतो तो मुख्यतः निळाच. त्यामुळे मीही निळ्यावरच टँक चालवतो.

दिव्यातले ढग, वीज चमकणं असले देखावे बंद ठेवा. रात्रभर दिव्याचा मंद चंद्रप्रकाशही नको, झोपायच्या आधी तासभर पुष्कळ झाला.

रोज बटण फिरवणं

कोरल सोमवारी मिटलं म्हणून दिवा कमी, बुधवारी उघडलं नाही म्हणून जास्त, शुक्रवारी पुन्हा कमी. या उतावळेपणाने जितकी कोरलं मेली असतील तितकी कुठल्याच चुकीच्या आकड्याने मेली नसतील. कोरलच्या अंगातली शैवालं बदललेल्या उजेडाला जुळवून घेतात, पण त्याला दोन ते चार आठवडे लागतात. तुम्ही दर दोन दिवसांनी उजेड बदललात तर ते काम कधी पुरंच होत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. २०१९ च्या पावसाळ्यात कामाच्या धबडग्यात माझं टँकमधला कार्बन (पाणी स्वच्छ ठेवणारा कोळसा) बदलणं राहून गेलं, चांगले चार महिने. एका रविवारी जाग आली. कार्बनची मोठी पिशवी टाकली, आणि त्याच दिवशी दिव्याच्या काचेवर साचलेलं मीठही पुसून काढलं. टँक लख्ख दिसायला लागला. चौथ्या दिवशी लेदर मिटलं, पाठोपाठ झोआ.

मला वाटलं, उजेड कमी पडतोय. निळा दहा टक्के वाढवला. दोन दिवसांनी आणखी वाईट. मग पंधराने कमी केला. मग पुस्तकं चाळली, पुन्हा वाढवला. पंधरा दिवसांनंतर माझ्या लक्षात आलं की बदल मी बटणाला हात लावण्याच्या आधीच झाला होता. बरेच महिने कार्बन नसला की पाण्यात पिवळसर रंग साठत जातो आणि तो नेमका निळा उजेड शोषतो. समोरून पाहिलं तर कळत नाही. मी चार महिने पिवळ्या पाण्यातून आणि मिठाने धुरकटलेल्या काचेतून गेलेल्या उजेडावर कोरलं वाढवली होती, आणि एका दुपारी दोन्ही अडसर एकदम काढून टाकले. पडद्यावरचा आकडा तोच होता, कोरलवरचा उजेड मात्र खूप वाढला होता. त्यावर मी आणखी दहा टक्के चढवले.

दिवा तीसवर आणला आणि सहा आठवडे हात लावला नाही. लेदर परत आलं. केशरी झोआंची पाच वर्षं वाढवलेली वसाहत गेली. ती मला माझ्या गुरूंनी दिलेली होती आणि तशी पुन्हा मिळाली नाही.

तेव्हापासून दर महिन्याला पांढऱ्या बादलीत टँकचं पाणी काढून वरून पाहतो. पिवळट वाटलं तर कार्बन नेहमीच्या निम्मा टाकतो, त्याच दिवशी दिवा दहा टक्क्यांनी खाली घेतो आणि दोन आठवड्यांत परत वर आणतो. दिव्याची काच दर रविवारी पुसतो, म्हणजे मीठ साचायला वावच राहत नाही. आणि दिव्याला हात लावला की वहीत तारीख टाकून लिहितो. वहीत मागची नोंद चौदा दिवसांच्या आतली असेल तर बटणाला हात लावत नाही.

एक आणखी : लेदर अधूनमधून स्वतःहूनच आठवडाभर मिटतं, अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो आणि तो झडला की पुन्हा फुलतं. हे त्याचं नेहमीचं आहे. प्रवाह नीट ठेवा आणि दिवा जसा आहे तसा राहू द्या.

शेवाळ आलं की फक्त दिव्याला दोष देणं

उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही, बरोबर. पण ते पोसतं नायट्रेट आणि फॉस्फेटवर. मासे जास्त, खाणं जास्त, आणि टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरायला, साधं नळाचं पाणी असेल तर दिवा निम्मा करूनही शेवाळ राहील, कोरल मात्र उपाशी पडेल. याच्या उलटही होतं. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून ठेवणाऱ्यांच्या टँकमध्ये बेताच्या उजेडातही कोरलं फिकी पडतात. माझ्याकडे नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास असतं आणि मी ते शून्यावर जाऊ देत नाही.

उन्हाळा विसरणं

मे महिन्यात ठाण्यात माझ्या खोलीचं तापमान दुपारी ३४ वर जातं. पाणी ३० च्या वर गेलं की जो उजेड जानेवारीत सोसत होता तोच सोसत नाही, कारण उष्णता आणि उजेड कोरलच्या त्याच जागेवर घाव घालतात. कुठे पांढरं पडलंय ते बघा. फक्त वरची, दिव्याकडची बाजू फिकी आणि सावलीतली बाजू रंगीत, तर लाइट. सगळीकडून सारखं फिकं, तर आधी थर्मामीटर पाहा. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर पंखा लावा आणि उडालेलं पाणी आरओने भरा. मी एप्रिल-मेमध्ये लाइटची वेळ संध्याकाळी चार ते रात्री बारा ठेवतो. दुपारच्या तापात दिव्याची भर पडत नाही, आणि कामावरून घरी आल्यावर टँक बघायलाही मिळतो.

वीज गेल्यानंतर न तपासणं

भिंतीत खोचायचे फिरत्या तबकडीचे टायमर वीज गेली की थांबतात. तीन तास वीज नव्हती तर दिवा तीन तास उशिरा लागतो आणि उशिरा बंद होतो. पावसाळ्यात आठवडाभर असं झालं की टँकची रात्र-दुपार उलटी होते. काही स्वस्त दिवे याहून वाईट : वीज परत आली की घड्याळ विसरतात आणि सगळे चॅनल शंभरवर सुरू करतात. तुम्ही ऑफिसात असता, संध्याकाळी येईपर्यंत कोरलने सहा-सात तास पूर्ण ताकदीचा उजेड खाल्लेला असतो.

दिवा घरी आणलात की टँकवर बसवण्याआधी जमिनीवर ठेवून वेळापत्रक लावा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबून परत लावा आणि तो कुठल्या आकड्यावर जागा होतो ते बघा. शंभरवर जागा झाला तर दुकानदाराकडे त्याच आठवड्यात परत न्या. परत घेत नसेल तर दिवा इतका उंच टांगा की शंभर टक्क्यांवरही तुमच्या मशरूमवर ८० पारच्या वर काही पडणार नाही, आणि टायमर बॅटरीवर चालणारा घ्या.