न विकली जाणारी गुंतवणूक घटस्फोटात कशी वाटून घ्यावी

दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं ठरलं की बँकेतल्या शिलकीचा हिशेब एका बैठकीत उरकतो. घोडं अडतं ते दिंडोरीच्या द्राक्षबागेवर, अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपच्या भागीदारीवर आणि पाथर्डी फाट्यावरच्या अर्धवट बांधकामाच्या फ्लॅटवर.

आधी हे डोक्यात पक्कं करा: लग्न झालं म्हणून जोडीदाराच्या नावावरच्या मालमत्तेत आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून भेट म्हणून आलेल्या मालमत्तेपुरतं आहे. कलम २५ खाली कायमची पोटगी ठरते, तेव्हा दोघांची मिळकत बघितली जाते. स्त्रीधन बायकोचंच, ते वाटणीत धरूच नका. बाकी सगळं समझोत्याच्या अटींवर ठरतं, म्हणून खरी मेहनत त्या लिहिताना घ्या.

मग लग्नाआधीचा पैसा वेगळा काढा. लग्नाच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि जुन्या एफडीच्या पावत्या मिळवा. एफडी मोडली, पैसे जॉइंट खात्यात आले, तिथून बिल्डरला चेक गेला, असा नोंदीगणिक माग दाखवता आला तर ती रक्कम ठामपणे मागता येते. किराणा आणि शाळेच्या फीमध्ये मिसळलेल्या पैशाचा नाद सोडा. त्याच्यापेक्षा वकिलाची फी जास्त होते.

किंमत ठरवताना आधी तारीख ठरवा. बागेत हा मुद्दा फार महत्त्वाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर औषध-मजुरीत पैसा गेलेला असतो आणि माल निघतो जानेवारीपासून पुढे. म्हणजे डिसेंबरातला हिशेब एकाला बुडवतो, एप्रिलमधला दुसऱ्याला. उभ्या पिकाचं उत्पन्न आणि खर्च वेगळा लिहा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ बघा. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथेच सापडतो. वर्कशॉपसाठी भागीदारी करार आणि मागचे ताळेबंद पुरतात.

विकायच्या फंदात पडू नका, वळतं करून घ्या. पीपीएफ दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून ज्याचं खातं त्याच्याकडेच ठेवा आणि तेवढी रक्कम फ्लॅटच्या वाट्यातून वजा करा. किंमतीवर एकमत होतच नसेल तर ‘विक्री होईल तेव्हा इतके टक्के’ असं लिहा, पण विक्रीची शेवटची मुदतही घाला.

नावावर करण्याचा क्रम चुकवू नका. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीत बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, इतर आकार वेगळे. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातंच उरत नाही. समझोता कुटुंब न्यायालयात दाखल झाल्यावर, अंतिम हुकमाच्या आधी हे उरका. संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं, ते त्यासाठीच वापरा. २०१७ पासून ते माफ करून घेता येतात, पण घाई कशाला?

फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून लेखी घ्या. तुमचं नाव कर्जातून वगळलं जात नाही तोवर हप्ता थकला की नोटीस तुम्हालाही येणार, समझोत्यात काहीही लिहिलेलं असो.