नदीच्या पाण्यातलं पॅराक्वाट मोजताना या चुका टाळा

पॅराक्वाट हे तणनाशक. ते मोजायच्या स्क्वेअर वेव्ह व्होल्टॅमेट्रीत (इलेक्ट्रोडवर व्होल्टेजचे ठोके देऊन प्रवाह मोजायची पद्धत) आकडे जुळेनात की सगळे इलेक्ट्रोड घासायला धावतात. आधी बाटली बघा. पॅराक्वाटवर धनभार असतो आणि ते काचेला चिकटतं. काचेत रात्रभर ठेवलेल्या नमुन्याचं शिखर (आलेखावरचा प्रवाहाचा उंचवटा) सकाळी खुजं दिसणारच. नमुना आणि प्रमाण द्रावण (पॅराक्वाटचं प्रमाण आधीच ठाऊक असलेलं), दोन्ही पॉलिप्रॉपिलीनमध्ये ठेवा. नमुना अंधारात, ४ अंश सेल्सिअसला.

गढूळ पाणी गाळलंत तर मातीच्या कणांवरचं पॅराक्वाट गाळणीवरच राहतं. अहवालात ‘विरघळलेलं’ असं स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात कॅलिब्रेशन करून (ठाऊक प्रमाणांवरून मोजणीची रेषा आखून) त्याच रेषेवर नदीचं पाणी वाचणं. रेषा देखणी येते, नमुना ‘स्वच्छ’ ठरतो, अहवाल निघतो. मग कुणीतरी त्याच नमुन्यात मुद्दाम लिटरला ५० मायक्रोग्रॅम पॅराक्वाट घालतं आणि वाचन येतं २०. बाकीचं गेलं कुठे? कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात येणाऱ्या ह्युमिक आम्लांवर ऋणभार असतो. ती पॅराक्वाट धरून ठेवतात, शिवाय इलेक्ट्रोडवर थर देतात. म्हणजे तो ‘स्वच्छ’ शेरा निव्वळ थाप होती.

उपाय स्टँडर्ड ॲडिशनचा, म्हणजे नमुन्यातच ठाऊक प्रमाणात पॅराक्वाट घालत मोजायचा. ९ मिली नमुना, १ मिली बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). त्यात १० मिलिग्रॅम प्रति लिटर प्रमाण द्रावणाचे १० मायक्रोलिटर, असे तीनदा घाला. दर वेळी सुमारे १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर वाढतात. प्रत्येक भर घातल्यावर ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग वाचा. रेषा मागे शून्य प्रवाहापर्यंत वाढवून आलेलं उत्तर १०/९ ने गुणायला विसरू नका. एकाच भरीवर भागवणाऱ्यांना रेषा वाकतेय हे कळतच नाही. घट्ट बांधलेला भाग मात्र या पद्धतीतही निसटू शकतो.

दुसरी चूक ऑक्सिजन काढताना केलेल्या घाईची. पॅराक्वाटचं पहिलं शिखर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.७ व्होल्टच्या आसपास येतं आणि विरघळलेला ऑक्सिजन तिथेच लुडबुड करतो. त्याहून वाईट म्हणजे क्षपण झालेलं (इलेक्ट्रॉन घेतलेलं) पॅराक्वाट आपला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन पुन्हा मूळ रूपात येतं, त्यामुळे प्रवाह फुगतो. झाडाची पानं ते याच खेळाने जाळतं. ऑक्सिजन हाकलायला द्रावणात नायट्रोजन दहा मिनिटं सोडा. दोन मिनिटांत उरकू नका. मोजताना नळी द्रावणातून वर घ्या, पण वायू पृष्ठभागावर चालू ठेवा.

मोजणारा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्लासी कार्बन, ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनावर घासा, फेरीसायनाइडमध्ये तपासा. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज पुढे नेऊन परत आणताना) दोन शिखरांमधलं अंतर ८० मिलिव्होल्टच्या वर गेलं की परत घासा. २५ अंशांना आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट आहे.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक या कृतीत दिसणार नाही. त्यासाठी तांब्याचा इलेक्ट्रोड किंवा वेगळीच पद्धत लागते.

शिखर सरकतंय किंवा आलेखाची रेषा थरथरतेय? संदर्भ इलेक्ट्रोडच्या टोकाशी बुडबुडा अडकलाय का बघा, टिचकी मारा.